‘स्टोव्हचा भडका’ लिहिण्याआधी स्टोव्ह तरी उघडून पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरात आग लागून माणूस दगावल्याची बातमी मुंबईच्या वृत्तपत्रांत बहुधा चार ओळींत आटोपते. शॉर्टसर्किट, स्टोव्हचा भडका किंवा सिलिंडरचा स्फोट, आणि शेवटी ‘पोलिसांनी अपमृत्यूची नोंद केली आहे’. हे कारण पहिल्यांदा सांगतं कोण? बहुतेक वेळा त्याच घरातलं, वाचलेलं माणूस. रुग्णालयाच्या अपघात विभागात केसपेपरवर तेच उतरतं, तिथून पोलीस डायरीत जातं आणि डायरीतून बातमीत येतं. आग लावणारा त्याच घरातला असेल, तर आगीचं अधिकृत कारणही त्यानेच पुरवलेलं असतं.

मुंबईत 1999 पर्यंत कोरोनर होता. 1871 च्या कायद्याने नेमलेला हा अधिकारी पोलीस खात्याचा नव्हता. कोण मेलं, कुठे, केव्हा आणि कसं, एवढंच त्याने ठरवायचं. दोषी कोण हे सांगणं त्याचं काम नव्हतं. कोरोनर होता तेव्हा सगळं आलबेल होतं असा आमचा दावा नाही. पण ‘कसं?’ हा प्रश्न पोलीस ठाण्याबाहेरचा एक माणूस विचारत होता, ती जागा गेली. इंग्लंडमध्ये कोरोनर अजून आहे, शिवाय 2011 पासून घरगुती हत्येनंतर वेगळा आढावा घेणंही तिथे कायद्याने बंधनकारक झालं. मृत व्यक्तीने आधी कुठे कुठे दाद मागितली होती आणि तिथे काय झालं, हे त्यात तपासतात.

आपल्याकडे आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 194 लागू आहे. ठाण्याचा अधिकारी पंचांसमक्ष मरणोत्तर पंचनामा करतो आणि अहवाल 24 तासांत दंडाधिकाऱ्याकडे पाठवतो. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत विवाहितेने आत्महत्या केली किंवा तिचा संशयास्पद मृत्यू झाला, तर कलम 196 प्रमाणे दंडाधिकाऱ्याने स्वतः चौकशी करणं सक्तीचं आहे. लग्नाला नऊ वर्षं झाली असतील तर सक्ती नाही. लग्नाशिवाय सोबत राहणारी बाई, खोली नावावर असलेले म्हातारे वडील, विधवा आई, आईबरोबर जळालेलं मूल, यांपैकी कुणासाठीही नाही. खोलीच्या भावापुढे हुंडा किरकोळ वाटावा अशा या शहरात घरातल्या माणसाला जाळायला हुंडाच कारण लागतो असं धरून चालणं भाबडेपणाचं आहे.

आता प्रत्यक्ष तपासाकडे. पहिल्या काही तासांत जे हातचं जातं ते पुढे कुठल्याही न्यायालयात परत मिळत नाही, म्हणून थोडं तपशिलात लिहितो.

स्टोव्ह पंपाचा होता की वातीचा, हे पंचनाम्यात पहिल्या ओळीत हवं. वातीच्या स्टोव्हच्या टाकीत दाब नसतो. सांडलेल्या रॉकेलने तो पेट घेईल, पण बॉम्बसारखा फुटणार नाही. पंपाचा स्टोव्ह फुटला तर टाकीचा पत्रा बाहेरच्या अंगाला फाटतो किंवा शिवणीत उकलतो. टाकी अखंड, झाकण घट्ट बसलेलं, निपल जागेवर आणि आत रॉकेल शिल्लक, असा स्टोव्ह ‘भडकला’ म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे. जमिनीवरच्या स्टोव्हने गाऊन किंवा पदर पेटला तर जखमा सहसा पुढच्या बाजूला, खालून वर चढत गेलेल्या दिसतात. डोक्यावरून ओतलेलं असेल तर केस, चेहरा, खांदे आणि पाठ जास्त जळते. मात्र ओतलं कुणी, तिने स्वतः की दुसऱ्याने, हे एवढ्यावरून कळत नाही. या खुणेवर थेट खुनाचा निष्कर्ष काढणारेही चुकतात.

सिलिंडरच्या बाबतीत बातमीतला ‘स्फोट’ बहुतेक वेळा सिलिंडरचा नसतोच. 14.2 किलोचा सिलिंडर जागेवर धडधाकट उभा असतो. फुटलेली असते ती खोलीत साचलेली गॅस-हवा. हा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असल्याने जमिनीलगत पसरतो आणि हवेत साधारण दोन टक्के झाला की ठिणगीची वाट पाहतो. म्हणून रेग्युलेटर चालू होता की बंद आणि शेगडीची कोणती चावी उघडी होती, हे बघायचं. चावीचं प्लास्टिक वितळलं तरी आतला पितळी कॉक बहुधा त्याच स्थितीत राहतो, तो वाचता येतो. रबरी नळीची दोन्ही टोकं तर सोन्यासारखी जपायला हवीत. आगीने तुटलेलं टोक फुगलेलं, चिकट, काळं होतं. सुरीने कापलेल्या टोकाची कड सरळ राहते. ही नळी ढिगाऱ्याबरोबर पालिकेच्या गाडीत गेली तर संपलंच.

दाराची कडी हा आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित पुरावा. आग चालू असताना कडी सरकवलेली असेल, तर तिचा उघडा भाग काजळतो आणि कोंड्यात शिरलेला भाग तुलनेने स्वच्छ राहतो. दार आतून बंद होतं की बाहेरून, हे घरच्यांना विचारण्याआधी कडीला विचारता येतं. पण अग्निशमन दलाचे जवान माणसं वाचवायला दार तोडूनच आत जाणार, आणि ते त्यांचं कामच आहे. त्यामुळे आत शिरलेल्या पहिल्या जवानाचा जबाब त्याच दिवशी घ्यायचा: दार कोणत्या बाजूने बंद होतं, ज्वाळा कुठे होत्या, कसला वास आला, बाहेर उभं कोण होतं. महिन्याभराने तोच जवान आणखी कितीतरी आगी पाहून आलेला असतो.

दहा बाय बाराच्या खोलीत गादी, कपडे आणि पोटमाळ्यावरचं सामान पेटलं की काही मिनिटांतच छताखालचं तापमान 500-600 अंशांवर जातं आणि जळण्याजोगं सगळं जवळपास एकदम पेटतं. त्यानंतर फरशीवर आणि चटईवर उठणारे वेडेवाकडे डाग ओतलेल्या पेट्रोलच्या डागांसारखेच दिसतात. अमेरिकेत टेक्सासमध्ये 1991 साली घराला लागलेल्या आगीत तीन मुली गेल्या. अशाच खुणांवर विसंबून बापाला दोषी धरलं गेलं आणि 2004 मध्ये मृत्युदंड दिला गेला. आग मुद्दाम लावल्याचा तो निष्कर्ष शास्त्राला धरून नव्हता, असं नंतर अग्नितज्ज्ञांनी दाखवून दिलं. म्हणून डाग बघून ठरवायचं नाही, नमुना कालिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जायला हवा.

आणि नमुना पॅकिंगमध्येच मरतो. रक्ताचे कपडे सावलीत वाळवून पाठवायची सवय असते. तीच जळीत कपड्यांना लावली की पेट्रोल उडून जातं. साध्या पॉलिथिनच्या पिशवीतूनही वाफ निसटते. घट्ट झाकणाची काचेची बरणी किंवा रंगाचा नवा कोरा पत्र्याचा डबा चालतो. तो पाऊण भरायचा, वर थोडी जागा सोडायची आणि त्याच दिवशी सील करायचा. सोबत त्याच चटईचा न जळलेला तुकडा वेगळ्या डब्यात हवा, कारण फोमची गादी आणि रबरी चपला जळतानाही पेट्रोलियमच्या जवळपासची रसायनं सोडतात. तुलनेला नमुना नसेल तर सीए रिपोर्टचा, म्हणजे प्रयोगशाळेच्या रासायनिक विश्लेषण अहवालाचा, अर्थ लावता येत नाही. संशयिताचे कपडे वेगळ्या माणसाने, वेगळ्या डब्यात भरायचे. त्याची वैद्यकीय तपासणीही तातडीने हवी. विझवायला धावलेल्याचे तळवे आणि बोटं भाजतात; पेट्रोलच्या वाफेला काडी लावणाऱ्याच्या पापण्या, भुवया आणि हातावरची लव होरपळते. दोन दिवसांनी दाढीबरोबर ही खूणही गेलेली असते.

शवविच्छेदनात मुख्य प्रश्न एकच: आग लागली तेव्हा व्यक्ती जिवंत होती का? श्वासनलिकेत स्वरयंत्राच्या खाली काजळी आणि रक्तात 10 टक्क्यांहून बरंच जास्त कार्बोक्सिहिमोग्लोबिन (धुरातला कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन) असेल, तर ती धुरात श्वास घेत होती. दोन्ही नसतील तर आधी मारून नंतर जाळल्याची शंका घ्यायची, पण ठाम विधान करायचं नाही. पेट्रोलच्या झटक्याच्या आगीत जिवंत माणसातही हे प्रमाण कमी सापडू शकतं. मुठी वळलेल्या, कोपरं दुमडलेली, मुष्टियोद्ध्यासारखी स्थिती पाहून ‘झटापट झाली’ असं लिहिणं चूक. उष्णतेने स्नायू आखडल्याचा तो परिणाम आहे. गळा दाबल्याची शंका असेल तर डोकं आणि छाती आधी उघडून रक्त निचरू द्यायचं आणि मान शेवटी, थराथराने उघडायची. जळालेल्या कातडीखालचा रक्तस्राव त्याशिवाय विश्वासाने वाचता येत नाही.

मुंबईत मोठी अडचण वेगळीच आहे. जळालेली व्यक्ती शीव, केईएम किंवा कस्तुरबा रुग्णालयात आठ-दहा दिवस जगते आणि जंतुसंसर्गाने जाते. तोवर कार्बन मोनॉक्साइड रक्तातून कधीच निघून गेलेला असतो. साध्या हवेत तो चार-पाच तासांत निम्मा होतो, ऑक्सिजनवर त्याहून लवकर. म्हणजे दाखल होताना काढलेली पहिली रक्ताची नळी हाच पुरावा. ती प्रयोगशाळेच्या नेहमीच्या कचऱ्यात जाते, कारण ती राखून ठेवा असं कुणी सांगितलेलंच नसतं.

त्या आठ दिवसांत मृत्यूपूर्व जबाब होतो. नवरा किंवा सासू खाटेजवळ असताना घेतलेला पहिला जबाब ‘स्टोव्ह पेटवताना’ असतो, माहेरचे आल्यावरचा दुसरा वेगळा असतो, आणि खटला या दोघांच्या भांडणात बुडतो. लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 2002 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने म्हटलं की जबाब घेणाऱ्याची रुग्ण भानावर असल्याबद्दल खात्री पटली असेल, तर केवळ डॉक्टरच्या दाखल्याअभावी जबाब बाद होत नाही. याचा अर्थ दाखला नको असा नव्हे. सुरुवातीची आणि शेवटची वेळ, शेवटचं वेदनाशामक कधी दिलं, खोलीत कोण होतं, हे लिहायचं. प्रश्न आणि उत्तर तिच्याच शब्दांत, तिच्याच भाषेत उतरवायचं. ‘पेटवलं’ आणि ‘पेटलं’ यांतला फरक जबाब लिहिणाऱ्याच्या पेनात हरवू नये. बोटं जळाली असतील तर पायाच्या अंगठ्याचा ठसा घ्यावा आणि का घेतला ते शेजारी नोंदवावं.

आमची मागणी नव्या कायद्याची नाही. कलम 196 सक्ती नसलेल्या मृत्यूंतही दंडाधिकाऱ्याला चौकशीची मुभा देतं आणि शक्य असेल तिथे नातेवाइकांना कळवून हजर राहू द्यायला सांगतं. तेव्हा राहत्या घरातल्या प्रत्येक जळीत मृत्यूची, लग्नाची वर्षं न मोजता, अशी चौकशी करावी असं परिपत्रक गृह विभागाने काढावं. अपमृत्यूची फाइल बंद करण्याआधी स्टोव्ह किंवा नळी, कडी, पहिल्या जवानाचा जबाब आणि सीए रिपोर्ट या चार गोष्टी तीत आहेत का, हे दंडाधिकाऱ्याने स्वतः पाहून सही करावी. जळीत रुग्णाची पहिली रक्ताची नळी मात्र परिपत्रकाची वाट न पाहता राखता येईल. त्यासाठी पालिका रुग्णालयांच्या अधिष्ठात्यांची एक ओळीची सूचना आणि फ्रिजमधला एक कप्पा पुरे.

आपले,
न्यायवैद्यक व अग्निसुरक्षा क्षेत्रांतील काही वाचक, मुंबई