पहिला चक चार जबड्यांचा घ्यावा

संपादक महोदय,

लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवून कापणारं यंत्र, घेताना मोटर, बेडची लांबी, स्पिंडलचं (फिरणाऱ्या मुख्य दांड्याचं) बोअर, म्हणजे आतलं भोक, यांची कसून चौकशी होते. जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, धरायचा कशात, याचा विचार मात्र सोबत आलेल्या थ्री-जॉ चकपाशीच, म्हणजे तीन जबड्यांच्या पकडीपाशीच, थांबतो. गोल आणि षटकोनी बारला तो सोयीचा, पटकन धरणारा. पण साधारण थ्री-जॉमध्ये जॉब ०.०५ ते ०.१ मिमी आउट, म्हणजे केंद्रापासून सरकून, फिरतोच. स्क्रोल (तिन्ही जबडे एकत्र हलवणारी आतली चकती) झिजली की आणखी. एकाच पकडीत काम पुरं होत असेल तर त्याने काही बिघडत नाही. जॉब उलटून धरला की मात्र दोन्ही बाजूंचे व्यास एका अक्षावर राहत नाहीत.

म्हणून एकच चक परवडणार असेल, तर तो फोर-जॉ असावा, ज्याचे चारही जबडे स्वतंत्र हलतात. चौकोनी, वेडावाकडा, एक्सेंट्रिक (मुद्दाम केंद्र सोडून कापायचा), सगळं त्यात बसतं. 'सेट करायला वेळ जातो' ही तक्रार बहुधा पद्धत माहीत नसल्याची असते. समोरासमोरच्या दोन जबड्यांपाशी जॉबला डायल (सूक्ष्म सरक दाखवणारं काट्याचं मापक) टेकवून वाचा. फरक ०.४० मिमी आला तर जॉब ०.२० सरकवायचा, पूर्ण ०.४० नव्हे. कमी वाचन असलेल्या बाजूचा जबडा आधी किंचित सैल करा, मग जास्त वाचनाचा आवळा. ही जोडी जुळल्यावरच दुसरीला हात लावा. शेवटी चारही जबडे आवळून डायल पुन्हा फिरवा, कारण आवळताना जॉब हलतो. सरावाने पाच मिनिटांत ०.०२ मिमीच्या आत येतो.

पातळ कडी किंवा पाइप थ्री-जॉमध्ये जोरात आवळू नये. बोअर चकमध्ये गोल कापलं जातं, पण जबडे सैल होताच कडी मूळ आकारात परतते आणि बोअर तीन-कोनी होतं. वर्नियरला (सरकत्या जबड्यांच्या मापपट्टीला) हा दोष जवळजवळ दिसतच नाही, कारण समोरासमोरचं माप सगळीकडे सारखंच येतं. प्लग गेज (भोक तपासायचा नेमक्या मापाचा गोल दांडा) घातला की तो अडकतो. अशा जॉबला त्याच व्यासावर कापलेले रुंद सॉफ्ट जॉ, म्हणजे कापता येणारे मऊ जबडे, हवेत.

कॉलेट (जॉबभोवती आवळणारी चिरा दिलेली नळी) अचूक, पण प्रत्येकाची पकड ठरावीक मापापुरती. ईआर जातीची कॉलेट जेमतेम १ मिमी आवळते. एकाच मापाचे पुष्कळ जॉब असतील तरच संच घ्यावा.

चक बसवण्याआधी स्पिंडल आणि बॅकप्लेट (चकमागची जोडपट्टी) पुसणं टाळू नये. मध्ये अडकलेली एक चिप, म्हणजे धातूची कपची, महागड्या चकलाही आउट करते. चक आट्यांनी बसणाऱ्या स्पिंडलवर यंत्र उलट दिशेने फिरवून कापू नये, चक सुटून येतो. आणि चावी चकमध्ये असताना हात तिच्यावरून काढायचा नाही, मशीन बंद असलं तरीही.

– एक टर्नर