काड्यांचे गठ्ठे बांधणाऱ्या आजींना

पहिलीच्या वर्गाला शिकवते. सुट्टीनंतर कपाट उघडलं तर आतलं सगळं भिजलेलं. अक्षरकार्डं एकमेकांना चिकटलेली, मोजायच्या काड्यांना बुरशी. दोन वर्षं जमवलेलं साहित्य होतं ते. दाराशी उभी राहून मी रडलेच, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात नातवाला सोडायला आलेल्या एक आजी आत आल्या. काही न विचारता खाली बसल्या आणि वाचलेल्या काड्या पुसायला लागल्या. दुसऱ्या दिवशी घरून नव्या काड्या घेऊन आल्या, सगळ्या एका मापाच्या, टोकं घासून गुळगुळीत केलेली. दहा-दहा मोजून रबर लावत होत्या. एक गठ्ठा मात्र त्यांनी सुटाच ठेवला, शेजारी रबर. म्हणाल्या, "हा पोरांनी बांधायचा. आयता दिला तर त्यांना ती एकच काडी वाटेल."

मी प्रशिक्षणं केलीत हो, पण हे इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं!

आमच्याकडे एक मुलगा तेवीस ऐकलं की ३२ लिहायचा. त्याचंही चूक नाही, आपण बोलताना तीन आधीच म्हणतो. परवा त्याने स्वतः दोन गठ्ठे बांधले, तीन काड्या सुट्या ठेवल्या, बराच वेळ बघत बसला आणि २३ लिहिलं.

आजी, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मनापासून आभार. तो सुटा गठ्ठा रोज कुणीतरी बांधतं, आणि घरी जाताना मी तो पुन्हा सोडून ठेवते.