बाबा, छापखान्यातली माणसं लिहाच

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याच्या आठवणी कोण वाचणार?" आईनं विषय बदलला, म्हणून मी गप्प बसले. पण पटलं नाही. आज साक्षीला एक चक्रम पुस्तकवाला आणलाय, जॉन डंटन, जन्म १६५९.

माझ्या ऑफिसजवळ लंडनच्या महापौरांचं मॅन्शन हाउस आहे. तिथं पूर्वी स्टॉक्स मार्केट नावाचा बाजार भरायचा आणि समोर, पोल्ट्री नावाच्या रस्त्यावर याचं दुकान होतं. पाटीवर डोमकावळा! वडील पाद्री, हा छापण्या-विकण्यात पडला. नातेवाइकासाठी जामीन राहून कर्जात बुडाला, १६८५ मध्ये पुस्तकांच्या पेट्या घेऊन बोस्टनला गेला. परत आल्यावर सावकारांना चुकवत घरात दडून बसला. त्या दिवसांत बायकी कपडे घालून सासऱ्याचं प्रवचन ऐकायला गेला आणि परतताना भर रस्त्यात ओळखला गेला, हे त्यानंच लिहून ठेवलंय. लपवण्यासारखं काही असतं हे त्याला ठाऊकच नव्हतं.

१६९१ साली त्याला एक कल्पना सुचली: लोकांनी नाव न कळवता काहीही विचारावं, आपण उत्तर छापावं. 'अथेनियन मर्क्युरी', एक सुटा कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला, किंमत एक पेनी. प्रश्न स्मिथच्या कॉफीहाउसात पाठवायचे. उत्तरं देणारी म्हणे विद्वानांची मोठी मंडळी. प्रत्यक्षात हा स्वतः, एक गणितज्ञ आणि याचा साडू सॅम्युअल वेस्ली (मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली, त्याचे वडील). चौथ्या एका विद्वानाची अधूनमधून मदत. लोकांनी काय विचारलं नाही! बायकांनी शिकावं का, नवऱ्यानं बायकोला मारणं योग्य का, आणि घोड्याची लीद चौकोनी का पडते. आई, मासिकातला सल्ल्याचा कॉलम तू आधी वाचायचीस ना, त्याचे हे पणजोबा. १६९३ मध्ये याच धर्तीवर खास स्त्रियांसाठी वेगळं पत्रही निघालं, ते मात्र चारच अंक चाललं.

बाबा, तुम्हाला त्या काळचा स्वस्त माल आवडला असता. एका तावाच्या घड्या घालून चोवीस पानांची चोपडी, गावोगाव हिंडणारे फेरीवाले पेनीला विकायचे. भुतं, दरोडेखोर, प्रेमकथा, भविष्य. चित्रांचे लाकडी ठसे तेच ते, एका चोपडीत राजा असलेला गडी दुसरीत प्रियकर. सॅम्युअल पेपिस नावाच्या बड्या सरकारी अधिकाऱ्यानं असल्या चोपड्या आणि पोवाड्यांचे कागद जपून बांधून ठेवले, ते आजही केंब्रिजला आहेत. नाहीतर कुणी ठेवलं असतं?

डंटनही काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. एका नास्तिकाच्या भयानक मरणाची 'सत्यकथा' छापली, सहा आठवड्यांत तीस हजार प्रती खपल्या असं तोच सांगतो. कथा बनावट निघाली. आयुष्यात सहाशे पुस्तकं छापली, त्यांतल्या सातांचा पश्चात्ताप होतो, असं त्यानं लिहिलंय. त्या सातांत ही होती. मला सातचा आकडा जरा कमीच वाटतो.

आई, तुझ्यासाठी खास: पहिली बायको १६९७ मध्ये गेली, त्याच वर्षी याचं दुसरं लग्न. नव्या सासूनं याची कर्जं फेडायला नकार दिला, तर यानं सासूविरुद्धची तक्रार छापून बाजारात आणली!

आता मुद्दा. १७०५ मध्ये त्यानं आत्मचरित्र काढलं. त्यात स्वतःच्या चुकांबरोबर ओळखीचे पुस्तकवाले, मुद्रक, कागदवाले, बाइंडर, सगळे आहेत: कोण सज्जन, कोण वेळेवर पैसे देणारा, कोण कसा बोलतो. थोडी खुशामत आहे, थोडी खुन्नस आहे. पण त्या काळच्या पुस्तकधंद्याचा अभ्यास करणाऱ्यांना आजही हे पुस्तक उघडावंच लागतं, कारण त्यातल्या कितीतरी बाइंडरांबद्दल दुसरं कुणी अक्षर लिहिलेलं नाही.

तुमच्याकडे अशी माणसं कमी आहेत का? दोऱ्याला मेण लावत भजनं म्हणणारा बाइंडर, लग्नपत्रिकेत वराच्या जागी वधूपित्याचं नाव जुळवणारा तो पोरगा, उधारीवर दिवाळी अंक छापून घेऊन गायब झालेले संपादक. संपादकांची नावं टाळा, बाकी सगळं येऊ द्या.

लिहायला हात दुखतो, ठाऊक आहे. आई, तू दुपारच्या चहाला फोनवर रेकॉर्डिंग चालू करून त्यांच्यासमोर ठेव आणि मध्येमध्ये "मग पुढं?" एवढंच म्हण. टाइप मी करीन. प्रूफ मात्र बाबाच तपासतील, माझे ऱ्हस्व-दीर्घ त्यांना कधीच पटलेले नाहीत.

तुमची,
मनू