मनूच्या मेसबद्दल

प्रिय विनायक,

पत्र मिळालं. मनू पुण्यात वडापाव आणि मॅगीवर दिवस काढते म्हणून तू वैतागलायस. पण वडापावला एवढं बोल लावू नकोस. हॉस्टेलच्या पोरांचं गणित चुकतं ते सकाळी. आठचं लेक्चर, चहात दोन बिस्किटं बुडवायची आणि पळायचं, ते थेट एक वाजता मेसमध्ये. पोटात कावळे, म्हणून पोळ्यांवर तुटून पडायचं आणि तीनच्या लेक्चरला डुलक्या. रात्री आठला जेवलं की अकराला परत भूक. तेव्हा उघडी असते ती बुर्जीची गाडी. (त्यातल्या त्यात बुर्जी बरी, तेल सोडलं तर.)

मेसचं ताट पोट भरतं, पण प्रथिनात तोकडं पडतं. मनूचं वजन पन्नास किलो धरलं, तर किलोला 0.83 ग्रॅमप्रमाणे दिवसाला साधारण 42 ग्रॅम प्रथिनं हवीत. एका पोळीतून तीनेक ग्रॅम मिळतात. आमटीत डाळ शोधावी लागते, आणि भाजी आठवड्यातले निम्मे दिवस बटाट्याचीच. म्हणजे वीसेक ग्रॅमचा खड्डा खोलीतच भरायचा.

किटली आहे ना तिच्याकडे? अंडी बुडतील एवढं गार पाणी घालायचं, उकळी येऊन किटली बंद पडली की झाकण न उघडता पंधरा मिनिटं तशीच ठेवायची. दोन अंडी म्हणजे 12 ग्रॅम. अंड्याचा वार नसेल त्या दिवशी मूठभर सोयाबीनच्या वड्या, म्हणजे 25 ग्रॅम, उकळत्या पाण्यात दहा मिनिटं भिजवायच्या. मग दोनदा गार पाण्यात घट्ट पिळायच्या. पिळल्या नाहीत तर उग्र वास राहतो आणि पोरी एकदा खाऊन पुडा कपाटात टाकून देतात. वर कांदा, तिखट-मीठ, लिंबू. यातून तेराएक ग्रॅम मिळतात. किटलीत दूध मात्र तापवू देऊ नकोस, उतू जातं आणि तळाला करपतं, तो वास मग प्रत्येक चहाला येतो.

चहाचं जरा सविस्तर सांगतो, कारण मुलींना तोच जास्त नडतो. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2020 च्या तक्त्यात बाईला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह धरलंय, पुरुषाला 19. चहातलं टॅनिन, म्हणजे त्यातलं तुरट द्रव्य, पालेभाजी-डाळीतलं लोह आतड्यात नीट शोषू देत नाही. त्यामुळे पोह्यांबरोबर चहा ही आपली लाडकी जोडी तोडायला हवी: पोह्यांवर लिंबू पिळायचं, चहा तासाभराने. जेवणानंतरच्या कटिंगलाही हाच नियम. शिवाय कपाला दोन चमचे साखर धरली, तर चार कपांत चाळीस ग्रॅम पोटात जाते, ती वेगळीच.

रविवारी संध्याकाळी बहुतेक मेस बंद असतात, आठवड्याचं सगळं बाहेरचं खाणं तिथेच साठतं. शनिवारीच दही आणून ठेवायला सांग. दही, भिजवलेले पोहे, दाण्याचं कूट, मीठ, झालं. मॅगी करायचीच असेल तर मसाल्याची पुडी अर्धीच घालायची, मीठ बरंचसं त्यातच असतं.

येत्या खेपेला चिवडा-लाडूंऐवजी भाजलेले शेंगदाणे आणि फुटाणे दे, किलो-किलो. घट्ट झाकणाच्या दोन डब्यांत दे, पावसाळ्यात दाणे चार दिवसांत मऊ पडतात. आणि एक डबा मैत्रिणींसाठी म्हणूनच दे, नाहीतर दोन्ही डबे आठवड्यात संपतील.

तुझा,
अरुण