शेवटचे शंभर सेंटिमीटर

सदाशिव पेठ, पुणे

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास, "आई, वजन उतरवायच्या ऑपरेशनची तारीख जवळजवळ ठरली," आणि मी नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवला. मला पटलं नाही असं तुला वाटलं असेल. तसं नाही रे. एकदम सगळं तोंडातून बाहेर आलं असतं आणि तू मधेच "हो गं, माहितेय" म्हणाला असतास. म्हणून लिहिते आहे.

तुझं वजन 136 किलो, उंची पावणेसहा फूट, म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, 44 च्या पुढे. झोपेत श्वास अडकतो, साखर औषधांना दाद देत नाही. तुला ऑपरेशनची गरज आहे याबद्दल मला शंका नाही. "जिभेवर ताबा ठेवा" हे मी जन्मभर ऐकलं आहे. तुला ते ऐकवणार नाही.

माझं ऑपरेशन झालं तेव्हा तू नववीत होतास. तुला तेव्हा "आईच्या पोटाचं" एवढंच सांगितलं होतं. माझं ड्युओडेनल स्विच झालं. जठराचा मोठा भाग कापून काढतात. मग आतडं असं जोडतात की अन्न एका वाटेनं येतं, पित्त आणि स्वादुपिंडाचा रस दुसऱ्या वाटेनं, आणि दोघांची गाठ पडते ती अगदी शेवटी. माझ्या बाबतीत शेवटच्या 100 सेंटिमीटरमध्ये. लहान आतडं साधारण सहा मीटर धरलं, तर स्निग्ध पदार्थ पचून अंगी लागायला एवढीच जागा उरते. या घराण्यातलं मूळ ऑपरेशन 1979 साली इटलीतल्या जेनोवाच्या निकोला स्कोपिनारो यांनी मांडलं. त्याच्याही आधी अमेरिकेत आतड्याचा मोठा भाग नुसताच वगळायचे. त्यात वजन उतरायचं, पण कित्येकांचं यकृत निकामी झालं, मूतखडे झाले, आणि ती पद्धत सोडून द्यावी लागली. हा इतिहास मला फार उशिरा कळला.

फायदा झाला, आणि तो खोटा नव्हता. मी दिवसाला 70 युनिट इन्शुलिन घेत होते, ते दहाव्या दिवशी बंद झालं. वजन उतरायच्या आधीच साखर उतरली, कारण अन्नाची वाट बदलली की आतड्यातली संप्रेरकंही बदलतात. सव्वा वर्षात 119 वरून 68 वर आले. पर्वतीच्या 103 पायऱ्या न थांबता चढले त्या दिवशी देवळात जाऊन रडले होते. तुझे बाबा शेजारी गप्प उभे होते.

दिवसातून तीन-चार वेळा पातळ शौचाला जावं लागायचं, आणि त्याला इतकी दुर्गंधी की लग्नाकार्यात कुणाकडे राहायचं मी टाळायला लागले. तुला वाटायचं आईला माणसं नकोशी झाली. चौथ्या महिन्यात केस मुठीनं गळले, पुढे आले. हे सगळं मी सोसलं असतं.

चूक तिसऱ्या वर्षी झाली. बरं वाटत होतं, म्हणून जीवनसत्त्वांच्या गोळ्या सुटल्या. जिथं ऑपरेशन झालं तिथून सुरुवातीला तपासणीसाठी फोन यायचे, ते थांबले. मीही गेले नाही. मग त्या अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्त्यावरच्या झगमगाटातून आपल्या बोळात शिरले आणि समोर काहीच दिसेना. पायरी चुकली, मनगट मोडलं. हाडांच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्म्याचा नंबर बदलला. दोन्हीचं मूळ एकच आहे हे आपल्या जुन्या फॅमिली डॉक्टरांनी ओळखलं, तेही "पोटाचं काही ऑपरेशन?" असं विचारल्यावर. चरबी शोषली जात नाही, तशी चरबीत विरघळणारी अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही वाया जातात. अ गेलं म्हणून अंधारात दिसेना. ड आणि कॅल्शियम कमी, म्हणून गळ्यातली पॅराथायरॉईड ग्रंथी हाडांतलं कॅल्शियम ओढून रक्तात आणत होती. डोळे महिनाभरात सुधारले. हाडं अजून पूर्वीसारखी नाहीत.

आणि प्रथिनं! अशा ऑपरेशननंतर दिवसाला 90 ग्रॅमपर्यंत लागतात. आपल्या वाटीभर आमटीत सात-आठ ग्रॅम. त्यात मी चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार सगळे उपवास धरत होते. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच. पाय सुजले, अंगठ्यानं दाबलं की खळगा पडायचा. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन इतकं घसरलं की आठ दिवस दवाखान्यात राहावं लागलं. घरी आले तेव्हा आजीनं, जिच्या स्वयंपाकघरात कधी अंडं शिरलं नव्हतं, नवं पातेलं आणून स्वतः अंडी उकडली. "देवाला मी सांगीन," म्हणाली. ते पातेलं अजून आहे.

तुझं जठराचं मिनी बायपास आहे, माझ्याइतकं टोकाचं नाही. तरी त्यातही आतडं वगळतातच. डॉक्टरांना विचार: किती सेंटिमीटर वगळणार, आणि उरलेलं आतडं मोजणार का? कारण प्रत्येकाचं आतडं वेगळ्या लांबीचं असतं. एकाला 200 सेंटिमीटर सोसतं, दुसऱ्याला नाही. बी-12 आत्ताच तपास. पुण्यातल्या शाकाहारी घरांत ते मुळातच कमी असतं. इथल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम वर्षानुवर्षं हेच दाखवत आलं आहे. तू साखरेसाठी मेटफॉर्मिनही घेतोस, त्यानंही ते उतरतं.

ऑपरेशननंतर उलट्या लागल्या तर "होईल कमी" म्हणून घरी बसू नकोस. बी-1 संपलं की काही आठवड्यांत मेंदूवर परिणाम होतो. सलाईन लावणाऱ्याला ऑपरेशनचं सांग, ग्लुकोजच्या आधी बी-1 द्यायला सांग. पुढे कितीही वर्षांनी पोटात जोराची कळ आली, तरी पहिलं वाक्य ऑपरेशनचंच. लोह आणि कॅल्शियम एका वेळी घेऊ नकोस, मधे दोन तास जाऊ देत. लोहावर चहा नको.

मला आज कुणी विचारलं, पुन्हा करशील का? करीन. पण गोळी एक दिवस चुकवणार नाही, आणि दर वर्षी रक्त तपासून घेईन, कुणाचा फोन येवो न येवो. सोन्या, तुझ्याकडून मला एवढाच शब्द हवा आहे. वजन किती उतरलं ते मला नाही कळवलंस तरी चालेल, रिपोर्ट मात्र पाठवत जा.

शनिवारी डॉक्टरांकडे मी तुझ्याबरोबर येते. माझी जुनी फाईल काढून ठेवली आहे. त्याआधी बी-12, ड, फेरिटिन (लोहाचा साठा), अल्ब्युमिन आणि पॅराथायरॉईड हार्मोन, एवढ्या तपासण्या उपाशीपोटी करून ये. नाश्त्याला घरी ये, मुगाचे धिरडे करते.

तुझी,
आई