नळीच्या वाटेला येणाऱ्यांसाठी

मंडळी, शनिवारी नळीच्या वाटेने, म्हणजे कड्यातल्या अरुंद घळीतून, हरिश्चंद्रगड चढायचा आहे. पहाटे ५ ला पायथ्याच्या बेलपाड्यातून निघायचं आहे, त्यामुळे शुक्रवारी रात्रीच गावात मुक्कामाला पोचा. मोठमोठ्या धोंड्यांचा ओढा संपेपर्यंतच पाय बोलायला लागतात, कातळटप्पे त्यानंतर येतात. वर गडाच्या कोकणकड्यावर पोचायला पूर्ण दिवस धरा.

पाणी प्रत्येकी ४ लिटर, गावातूनच भरून घ्या. या दिवसांत नळीत पाण्याचा भरवसा नाही. सॅक हलकी ठेवा, कातळावर तीच मागे ओढते. स्लीपिंग बॅग आणि टॉर्चचे जादा सेल हवेतच.

बूट घरी वाकवून, ताणून बघा. मागच्या खेपेला एकाचा तळ अर्ध्या नळीत सुटला. सुतळीने बांधून त्याला वर आणला. पुढची पकड शोधणारे त्याचे थरथरते हात मला अजून दिसतात.

हेल्मेट सगळ्यांनी घालायचंच. पायाखालून दगड सुटला तर लगेच "दगड!" म्हणून ओरडा. कड्यावरून खाली पाहायचं ते पालथं झोपूनच.

रविवारी पाचनई गावाच्या वाटेने उतरू. गुडघा, ताप, चक्कर, काहीही असेल तर गुरुवारपर्यंत मला फोन करा. कोणी रागावणार नाही.