अंगठा म्हणजे होकार नव्हे

प्रिय मनू,

अनेक आशीर्वाद.

परवा रात्री अकराला तुझा मेसेज आला, “आई, डावा डोळा जरा चुरचुरतोय, बाकी मस्त. उद्या उड्डाणाची सॉर्टी आहे.” खाली हसरा चेहरा. तू काही लपवत असलीस की तो चेहरा टाकतेस, हे मला तू सातवीत असल्यापासून ठाऊक आहे. मी लगेच लिहिलं, कॉन्टॅक्ट लेन्स काढ, चष्मा लाव, सकाळी डॉक्टरांना दाखव. त्यावर तू नुसता अंगठा दाखवलास. आणि काल दुपारी कळलं की डॉक्टरांकडे गेलीच नाहीस, लेन्स घालूनच लढाऊ विमानात उडून आलीस, आणि “डोळा आपोआप बरा झाला.”

मनू, अंगठा म्हणजे होकार नव्हे.

फोनवर तू “हो गं” म्हणून विषय बदलतेस, म्हणून कागद घेतला. बाबा म्हणाले, एवढं लांबलचक लिहू नकोस, ती वाचणार नाही. वाचशील. पहिल्यांदा लेन्स घालायला शिकलीस तेव्हा पाऊण तास आरशासमोर कोण बसलं होतं तुझ्याबरोबर? तीन वेळा लेन्स बेसिनमध्ये पडली, चौथ्यांदा तुझ्या गालाला चिकटून राहिली आणि आपण दोघी ती जमिनीवर शोधत होतो. मग मी तुझ्या बोटावरची लेन्स उजेडात धरून दाखवली. कडा वाटीसारख्या उभ्या असल्या तर सुलटी, बशीसारख्या बाहेर पसरल्या तर उलटी. ते तू पुन्हा कधी चुकली नाहीस. आता जे सांगतेय तेही तसंच एकदा नीट ऐक.

डॉक्टरांकडे का गेली नाहीस ते मला कळतं. दोन दिवस उडायला देणार नाहीत, बॅच पुढे जाईल, इन्स्ट्रक्टर म्हणतील हिचे डोळे काय सारखे दुखतात. आणि आत कुठेतरी ती जुनी भीती, की चष्म्याच्या नंबरामुळे आधीच एका कडेवर उभी आहे, आता कुणी फाइल उघडायला नको. भीती खरी आहे. तिच्यावर काढलेला उपाय मात्र चुकीचा आहे, आणि हे मी ऐकीव सांगत नाही.

तू तीन वर्षांची होतीस. एका रात्री इतकी दमले होते की लेन्स न काढताच झोपले. सकाळी डावा डोळा उघडवेना, खिडकीचा उजेड सुईसारखा टोचत होता. मी काय केलं? घरात कधीच्या तरी उरलेल्या थेंबांची बाटली होती, ती घातली. बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा घातली. ते थेंब स्टेरॉइडचे होते. लाली आणि आग त्यांनी दाबली, आणि आतला जंतू मोकळा सुटला. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दिवा लावून पाहिलं तर बुबुळावर टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका. कॉर्नियाला, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, जखम, जंतुसंसर्ग. मग दर तासाला औषध. दिवसा आणि रात्रीसुद्धा, गजर लावून. बाबा रात्री दोनला उठून माझी पापणी वर धरायचे.

डोळा वाचला. ठिपक्याचा वण राहिला. रात्री गाडी चालवताना समोरून दिवे आले की माझ्या डाव्या डोळ्याला त्यांच्याभोवती झालर दिसते. मी तिला सरावलेय, उजव्या डोळ्यावर भागवते. तुला त्या झालरीतून रात्रीची धावपट्टी पाहायची असती तर? दोन दिवस ग्राउंड होण्याची तुलना कशाशी करायची ते आता कळलं ना.

हे असं का होतं ते समजून घे, म्हणजे नियम पाठ करावे लागणार नाहीत. कॉर्निया पारदर्शक आहे कारण त्यात रक्तवाहिन्या नाहीत. शरीराच्या बाकी भागाला प्राणवायू रक्तातून मिळतो, याला मुख्यतः थेट हवेतून, अश्रूंच्या पातळ थरातून. डोळे मिटून झोपलं की हवा बंद, पापणीच्या आतल्या रक्तवाहिन्यांकडून मिळेल तेवढ्यावर भागवायचं, म्हणजे उघड्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांश. त्यावर लेन्सचं झाकण ठेवलं तर गुदमरणारच. गुदमरलेला कॉर्निया किंचित सुजतो, वरची कातडी कमकुवत होते, आणि लेन्सवर बसलेल्या जंतूंना दार उघडं मिळतं. १९९९ पासून मिळणाऱ्या सिलिकॉन हायड्रोजेलच्या लेन्समधून प्राणवायू पुष्कळ जास्त जातो, तुझ्याही त्याच आहेत. पण जास्त प्राणवायू म्हणजे जंतू कमी असं नाही. झोपताना काढायच्या म्हणजे काढायच्या. दोन सॉर्टींच्या मध्ये खुर्चीत डुलकी लागली तरी ती झोपच.

आता तुझ्या धंद्यातली गोष्ट, जी मला तुझ्यामुळेच सुचली. वर गेल्यावर मास्कमधून तुला प्राणवायू मिळतो. पण मास्क नाकातोंडावर असतो. तो तुझ्या फुप्फुसांसाठी आहे, डोळ्यांसाठी नाही. डोळा कॉकपिटमधल्याच हवेवर जगतो, आणि समुद्रसपाटीपासून साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब निम्म्यावर आलेला असतो. लढाऊ विमानातला कॉकपिटचा दाब काही प्रवासी विमानाइतका सांभाळलेला नसतो. हवाही कोरडी. त्यात तू उपकरणांवर नजर रोखलेली, म्हणजे पापण्या लवणं कमी. लेन्स कोरडी पडते, कडेला घासते, आणि उतरल्यावर डोळा चुरचुरतो. परवाचं कदाचित एवढंच असेल. कदाचित. पण चुरचुर कोरडेपणाची की जखमेची, हे आरशात कळत नाही. त्यासाठी डॉक्टर एक पिवळा थेंब घालून निळ्या उजेडात पाहतात, दोन मिनिटांचं काम आहे. तेवढी दोन मिनिटं तू दिली नाहीस.

लेन्सवर माझा राग नाही हे लक्षात घे. तुला चष्म्यावरच राहा असं सांगणारी मी शेवटची. पंचवीस ग्रॅमचा चष्मा ६ जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सहापट जोराच्या, वळणात दीडशे ग्रॅमचा होतो आणि घामेजल्या नाकावरून खाली येतो. मास्कमधून निसटलेल्या श्वासाने काचा धुकटतात, हेल्मेटच्या आत काड्या कानामागे रुततात, फ्रेमच्या कडेपलीकडचं सगळं अंधुक. नेमक्या त्याच कडेतून दुसरं विमान यायचं. मऊ लेन्स बुबुळाबरोबर फिरते, अश्रूंनी धरलेली असते, वजन जवळपास नाहीच. अमेरिकेच्या हवाई दलाने हे सगळं कमी दाबाच्या खोल्यांत आणि जी देणाऱ्या फिरत्या यंत्रात तपासून पाहिलं. मऊ लेन्सखाली उंचीवर हवेचे बुडबुडे आले, पण बहुतेक कडेला, नजरेला त्रास नाही. कडक लेन्सखाली ते मधोमध आले आणि दिसणं बिघडलं. मग १९८९ मध्ये त्यांनी आपल्या वैमानिकांना मऊ लेन्सची परवानगी दिली. तुला मऊ लेन्स घालून उडता येतं, त्यामागे असं कोणीतरी खोल्यांत बसून बुडबुडे मोजलेत. तुझ्या नंबरात सिलिंडर, म्हणजे तिरकस नंबर, नाही हेही बरं. तिरकस नंबराची लेन्स डोळ्यात फिरली तर चित्र पुसट होतं, ती नीट बसलीय की नाही हे जास्त तपासून घ्यावं लागतं.

मघाशी कडक लेन्स म्हटलं त्यावरून आठवलं, एक गंमत सांगते. जुन्या कडक लेन्स ज्या प्लास्टिकच्या होत्या, त्याच प्लास्टिकची कॉकपिटची छतंही होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांच्या डोळ्यांत फुटलेल्या छताचे कण घुसायचे. हॅरल्ड रिडली नावाच्या नेत्रशल्यविशारदाने पाहिलं की ते कण डोळ्यात पडून राहिले तरी डोळा त्यांच्यावर चिडत नाही. त्यावरून १९४९ मध्ये त्याने मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात पहिली कृत्रिम लेन्स बसवली. तुझ्या आजोबांच्या डोळ्यातली लेन्स म्हणजे वैमानिकांच्या जखमांची देणगी आहे असं मी त्यांना सांगितलं, तर ते दिवसभर छाती काढून फिरत होते. (तू मात्र हेल्मेटची काच, व्हायझर, खाली ठेव. कण सहन होतात याचा अर्थ घुसवून घ्यायचे असा नाही.)

एक प्रसंग मात्र गमतीचा नाही. १९ ऑक्टोबर १९९६, न्यूयॉर्कचं लाग्वार्डिया विमानतळ. पावसाळी हवेत पाण्यावरून उतरणारं प्रवासी विमान धावपट्टीआधीच्या दिव्यांच्या खांबांना धडकलं. कुणाचा जीव गेला नाही. तपासात निघालं की कॅप्टनच्या एका डोळ्यात लांबचं पाहायची लेन्स होती, दुसऱ्यात जवळचं. दोन्ही डोळे मिळून अंतर मोजतात, त्याचे दोन डोळे दोन वेगळ्या गोष्टी सांगत होते. अनुभवी माणूस, घरी आणि रस्त्यावर त्या लेन्सनी कधी अडलं नसणार. म्हणून, तुझ्या कागदावर जी लेन्स लिहिलीय तीच, त्याच नंबराची, त्याच कंपनीची. मैत्रिणीने दिलेली जोडी नाही, रंगीत नाही, “या जरा जास्त सुखाच्या आहेत” म्हणून परस्पर बदललेली तर मुळीच नाही. आणि कधी रात्री घालून सकाळी नजर सुधारणाऱ्या कडक लेन्सचा विचार डोक्यात आला, की तपासणीत नंबर दिसणार नाही, तर तो तिथेच सोडून दे. त्या लेन्स कॉर्नियाचा आकार तात्पुरता दाबतात. थांबवल्या की डोळा जुन्या आकारावर येतो. मधल्या दिवसांत कधीतरी हवेत असलीस तर?

आता पाणी. मागच्या महिन्यात तू सहज म्हणालीस, लेन्सची डबी बेसिनवर नळाखाली धुऊन घेते, लेन्स धुवायचं सोल्यूशन लवकर संपतं. नळाच्या पाण्यात अकांथअमीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. लेन्सवर आला तर कॉर्नियात शिरतो, स्वतःभोवती कवच करून बसतो, औषधं महिनोन् महिने चालतात. दुखणं असं की माझी ती टाचणी काहीच नाही. डबी सोल्यूशननेच धुवायची, उलटी ठेवून सुकवायची. जुन्या सोल्यूशनमध्ये नवं ओतायचं नाही, आधी सगळं फेकायचं. डबी दर तीन महिन्यांनी नवी. पोहण्याचा किंवा पाण्यात उतरण्याचा सराव असेल त्या दिवशी लेन्स बाहेर. हात धुतल्यावर कोरडे करून मगच लेन्सला हात लावायचा. रोज फेकायच्या लेन्स चालत असतील तर डॉक्टरांना विचार, निम्मी कटकट वाचेल. यातलं तुला सगळं माहीत आहे, मला माहीत आहे की माहीत आहे. दमल्यावर माणूस माहीत असलेलंच टाळतो, मीही तेच केलं होतं.

आणि चष्मा. तो फ्लाइंग सूटच्या खिशात असायला हवा, खोलीतल्या कपाटात नाही. हवेत लेन्स निसटली, धूर झाला, धूळ गेली, तर एका हाताने काढून लावता आला पाहिजे, तोही आजच्या नंबराचा. जमिनीवर कधी बसल्या बसल्या सराव कर. डावा हात, मास्क लावलेला, बंद डोळ्यांनी खिशाची चेन शोधायची. किती वेळ लागतो ते बघ आणि मला खरा आकडा सांग.

काल डॉक्टरांकडे जायचं राहिलं, आज जा. “परवा चुरचुरत होता, लेन्स घालून उडाले, आता बरा आहे” एवढंच सांग. ओरडतील, ऐकून घे. पुढच्या वेळी डोळा लाल झाला, दुखला, उजेड खुपला किंवा अंधुक दिसलं तर क्रम असा, की आधी लेन्स काढायची, मग सांगायचं, मग मला कळवायचं. मला कळवणं तिसरं आहे, पहिलं नाही. आणि काढलेली लेन्स टाकू नकोस, डबीत घालून डॉक्टरांकडे ने. कधी कधी जंतू कुठला ते लेन्सवरूनच कळतं.

पार्सलात दोन डब्या आहेत, झाकणांवर आजची तारीख लिहिलीय. चष्मा जुन्या फ्रेममध्येच नव्या नंबराचा करून घेतलाय, फ्रेम पातळ काड्यांची आहे, हेल्मेटखाली कमी टोचेल असं वाटतं. घालून बघ आणि खरं सांग. टोचत असेल तर परत पाठव, बदलून देते म्हणालेत.

अंगठा पाठवू नकोस. दोन ओळी लिही.

तुझी,
आई